बेसाल्टमधील स्फटिकफुले: ओळख, संग्रह आणि जपणूक (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

महाराष्ट्रातील दगडखाणी, विहिरी आणि रस्त्यांची खोदकामे यांतून निघणाऱ्या फुलासारख्या स्फटिकांविषयी वाचक जे प्रश्न पुन्हापुन्हा पाठवतात, ते येथे एकत्र केले आहेत. एखादी गोष्ट दुसऱ्या उत्तरात सविस्तर आली असेल तर त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. आमच्या विहिरीच्या खोदकामात काळ्या दगडाच्या आत पांढरी फुले निघाली. ही नेमकी काय आहेत?

तुमची विहीर बेसाल्टच्या, म्हणजे लाव्हा निवून झालेल्या काळ्या दगडाच्या प्रदेशात असेल, तर ही बहुधा दुय्यम खनिजांचे स्फटिकगुच्छ आहेत. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी दख्खनच्या पठारावर लाव्हाचे थरावर थर पसरले. प्रत्येक थर निवत असताना त्यातील वायू बुडबुड्यांच्या रूपाने वर सरकला आणि खडक घट्ट झाल्यावर त्या बुडबुड्यांच्या जागी पोकळ्या राहिल्या. विहिरी खोदणारे लोक ज्याला मांजऱ्या खडक म्हणतात, तो बहुधा हाच ठिपकेदार, पोकळ्यांनी भरलेला भाग असतो. पुढे दीर्घकाळ या खडकातून उष्ण व कोमट पाणी झिरपत राहिले. त्या पाण्याने बेसाल्टमधील कॅल्शियम, सोडियम, पोटॅशियम, ॲल्युमिनियम आणि सिलिका विरघळवून पोकळ्यांत आणली, आणि तेथे त्यांचे स्फटिक वाढले. त्यामुळे काळा दगड आणि त्यातील फूल यांचे वय एक नसते. काही फुले तर खडकापेक्षा कोट्यवधी वर्षांनी लहान आहेत.

२. स्फटिकांना फुलाचाच आकार का येतो?

स्फटिकाची वाढ पोकळीच्या भिंतीवरील एखाद्या सूक्ष्म बिंदूपासून सुरू होते. त्या बिंदूवर अनेक स्फटिक एकदम धरले, तर भिंतीच्या दिशेने वाढणाऱ्यांना जागा उरत नाही आणि मोकळ्या पोकळीकडे तोंड असलेले तेवढे वाढत जातात. खनिज सुईसारखे असेल तर अशा वाढीतून किरणांसारखा पसरलेला गुच्छ तयार होतो. खनिज पातळ पत्र्यांचे असेल आणि प्रत्येक पत्रा शेजारच्यापेक्षा किंचित कललेला असेल, तर पाकळ्या उमलल्यासारख्या दिसतात. पोकळी पूर्ण भरून गेली असेल तर दगड फोडल्यावर वा घासून गुळगुळीत केल्यावर त्याच गुच्छाचा आडवा छेद सपाट फुलाच्या रूपात दिसतो. हा आकार पूर्णपणे खनिजांच्या वाढीचा आहे. त्यात वनस्पतीचा कोणताही अंश नाही आणि हे जीवाश्मही नव्हेत.

३. महाराष्ट्रात हे सगळीकडे मिळतात का?

नाही. बेसाल्ट राज्याच्या फार मोठ्या भागावर आहे, परंतु चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, गोंदिया यांचा बराच भाग आणि सिंधुदुर्गाचा दक्षिण भाग अधिक जुन्या खडकांचा आहे, गोव्याचेही तसेच. कोकणात बेसाल्ट असला तरी अनेक ठिकाणी त्यावर जांभ्याचे जाड आवरण असते.

बेसाल्टच्या प्रदेशातही प्रत्येक थरात पोकळ्या नसतात. एकसंध, घट्ट काळा पाषाण इमारतीला उत्तम, पण संग्राहकाला त्यात काही मिळत नाही. पुणे, नाशिक, जळगाव, अहिल्यानगर आणि छत्रपती संभाजीनगर या जिल्ह्यांतील खाणी व विहिरी जगभरच्या संग्राहकांना नावानिशी माहीत आहेत. मुंबईतील मालाड व कुर्ला येथील जुन्या खाणींतून ओकेनाइट, गायरोलाइट आणि प्रेहनाइट यांचे सुंदर नमुने निघत; आज तेथे इमारती उभ्या आहेत. एकोणिसाव्या शतकात बोर घाटातून लोहमार्ग काढताना जे कातळ फोडले गेले, त्यांतूनही असे स्फटिक निघाले आणि ते युरोपातील संग्रहालयांपर्यंत पोहोचले.

४. नेहमी सापडणारी स्फटिकफुले कोणती आणि ती कशी ओळखावीत?

सर्वांत अधिक वेळा हाती येते ते स्टिल्बाइट. त्याचे पातळ स्फटिक एकमेकांना चिकटून वाढतात आणि मध्यभागी आवळलेल्या पेंढीसारखे दोन्ही टोकांना पसरतात. रंग पांढरा, पिवळसर किंवा फिकट शेंदरी असतो. त्याची खूण म्हणजे चमक: सपाट बाजूवर प्रकाश तिरपा पाडला की मोत्यासारखी झाक दिसते.

स्कोलेसाइटच्या पांढऱ्या, काचेसारख्या सुया एका बिंदूपासून पंख्याप्रमाणे पसरतात आणि चांगल्या नमुन्यात त्या बोटाएवढ्या लांबही असतात. मेसोलाइट याच घराण्यातले, पण त्याच्या सुया बहुधा केसाइतक्या बारीक असतात. या दोहोंतील गोंधळाविषयी प्रश्न ८ पाहावा.

ओकेनाइट हे कापसाच्या गोळ्यासारखे दिसते. पोकळीत शुभ्र, मऊ केसाळ गोळे बसलेले असतील आणि त्यांचे तंतू लवचिक असतील, तर ते बहुधा हेच. त्याला बोट लावून पाहण्याचा मोह आवरावा. दबलेले तंतू पुन्हा उभे राहत नाहीत. त्याच्या सोबतीला अनेकदा गायरोलाइट असते, ज्याचे पातळ पत्रे एकत्र येऊन पांढरट, हिरवट किंवा तपकिरी चकत्या व गोळे बनतात.

ॲपोफिलाइटचे स्फटिक एकेकटे पाहिले तर फुलासारखे नसतात. ते चौकोनी खांबाचे असतात, त्यांचा माथा कधी सपाट तर कधी चार बाजूंनी निमुळता होत गेलेला असतो. परंतु अनेक स्फटिक एका केंद्राभोवती वाढले की त्यांचे टपोरे गुच्छ होतात. राहुरीजवळच्या मोमीन आखाडा येथे हिरव्या ॲपोफिलाइटचे असे गोल गुच्छ निघाले की ते हातात फिरवताना प्रत्येक माथा वेगवेगळा चमकतो. व्यापारात त्यांना ‘डिस्को’ असे नाव पडले आहे. त्यांची हिरवी छटा व्हॅनेडियममुळे येते.

ह्यूलँडाइट, प्रेहनाइट, थॉमसोनाइट, मॉर्डेनाइट आणि कॅल्साइट हेही भेटतात. निळ्या कॅव्हान्साइटसाठी प्रश्न ९ स्वतंत्र ठेवला आहे.

५. बाजारात या सर्वांनाच झिओलाइट म्हणतात. ते बरोबर आहे का?

व्यवहारात चालते, नोंदीत चालत नाही. स्टिल्बाइट, ह्यूलँडाइट, स्कोलेसाइट, मेसोलाइट, थॉमसोनाइट, मॉर्डेनाइट आणि लोमोंटाइट ही झिओलाइट गटातील खनिजे आहेत. त्यांच्या रचनेत सूक्ष्म पोकळ वाटा असतात, त्या वाटांत पाणी असते आणि तापवल्यावर ते बाहेर पडते. ॲपोफिलाइट, ओकेनाइट, गायरोलाइट, प्रेहनाइट आणि कॅव्हान्साइट ही त्याच पोकळ्यांत, त्याच पाण्यातून तयार होत असली तरी त्यांची रचना निराळी आहे. हा भेद केवळ पंडिती नाही, कारण कोणत्या नमुन्याला उष्णता बाधेल हे समजण्यासाठी तो उपयोगी पडतो (प्रश्न १४ आणि १५).

६. घरच्या घरी ओळख पटवायची तर कोणत्या चाचण्या कराव्यात?

प्रथम दहापट भिंग घ्यावे आणि दिवसाच्या उजेडात बराच वेळ नुसते पाहावे. आकार, टोकाची ठेवण, कडेवरच्या रेघा, चमक आणि सोबतची खनिजे एवढ्यावरच निम्म्याहून अधिक नमुन्यांची ओळख पटते.

त्यानंतर कठिनता. ती १ ते १० अशा मोहस मापावर सांगतात, आणि मोठ्या आकड्याचा पदार्थ लहान आकड्याच्या पदार्थावर ओरखडा पाडतो. नखाची कठिनता सुमारे २.५, तांब्याच्या तुकड्याची सुमारे ३, चाकूच्या पोलादाची व काचेची सुमारे ५.५ आणि गारगोटीची ७ धरतात. कॅल्साइट ३, स्टिल्बाइट व ह्यूलँडाइट ३.५ ते ४, ॲपोफिलाइट ४.५ ते ५, स्कोलेसाइट ५ ते ५.५, प्रेहनाइट ६ ते ६.५ असते. चाचणी नेहमी मागच्या बाजूच्या तुटक्या कणावर करावी, दर्शनी स्फटिकावर कधीही करू नये. तंतूंच्या गोळ्यांवर ही चाचणी निरर्थक आहे, कारण तेथे ओरखडा उठत नाही, तंतू फक्त दबतात.

तिसरी गोष्ट पाटन, म्हणजे खनिज ठरावीक सपाट पातळीवर सहज फुटण्याचा गुण. कॅल्साइट तीन दिशांना फुटून तिरकस चौकटीचे तुकडे देते. ॲपोफिलाइट माथ्याला समांतर अशा एकाच दिशेने स्वच्छ फुटते. गारगोटीला पाटन जवळजवळ नसते.

कॅल्साइटचा संशय असेल तर त्याच्या खरवडलेल्या भुकटीवर व्हिनेगारचा एक थेंब टाकावा, बारीक बुडबुडे येतात. ही चाचणी संपूर्ण नमुन्यावर करू नये, कारण आम्ल शेजारच्या खनिजांना अपाय करते.

७. स्वच्छ, टोकदार स्फटिक हा ॲपोफिलाइट की गारगोटी, हे कसे ठरवावे?

गारगोटीच्या खांबाला सहा बाजू असतात आणि त्यांवर आडव्या रेघा असतात; ॲपोफिलाइटच्या खांबाला चार बाजू असतात आणि रेघा उभ्या असतात. माथा सपाट असून त्यावर मोत्याची झाक असेल तर तो निश्चितच गारगोटी नव्हे. शंका राहिली तर तुटका कण काचेवर ओढून पाहावा: गारगोटी काचेवर सहज ओरखडा पाडते, ॲपोफिलाइट पाडत नाही.

८. स्कोलेसाइट, मेसोलाइट आणि नॅट्रोलाइट यांतील फरक भिंगाने कळतो का?

खात्रीने कळत नाही, आणि जो विक्रेता केवळ पाहून खात्री देतो त्याचे म्हणणे जपून घ्यावे. तिन्ही पांढऱ्या सुयांची खनिजे आहेत. स्कोलेसाइटमध्ये कॅल्शियम असते, नॅट्रोलाइटमध्ये सोडियम आणि मेसोलाइटमध्ये दोन्ही. जाडसर सुया, तिरपे टोक आणि टोकावर दोन्ही बाजूंनी मध्यरेषेकडे येणाऱ्या रेघा दिसल्या तर स्कोलेसाइटकडे कल ठेवावा; दख्खनच्या नमुन्यांत तेच अधिक प्रमाणात असते. केसासारख्या सुया दिसल्या तर मेसोलाइटचा विचार करावा, पण मॉर्डेनाइटही तसेच दिसते हे ध्यानात ठेवावे. निर्णायक उत्तर क्ष-किरण विवर्तनाने (क्ष-किरण टाकून अणूंची मांडणी ओळखण्याच्या प्रयोगशाळेतील चाचणीने) मिळते आणि त्यासाठी चिमूटभर भुकटी पुरते. विद्यापीठांच्या भूशास्त्र विभागांत याची सोय असू शकते. तोवर चिठ्ठीवर ‘स्कोलेसाइट अथवा मेसोलाइट’ असे लिहिणे हे कच्च्या कामाचे लक्षण मानू नये. तीच प्रामाणिक नोंद होय.

९. निळ्या रंगाचे छोटे फूल म्हणजे कॅव्हान्साइटच असते का?

पुणे–नगर रस्त्यावरील वाघोलीच्या खाणींतील अस्सल नमुना असेल तर बहुतेक वेळा होय. हे कॅल्शियम आणि व्हॅनेडियमचे सिलिकेट असून ते प्रथम १९६७ साली अमेरिकेतील ऑरेगन राज्यात आढळले आणि त्याचे शास्त्रीय वर्णन १९७३ साली प्रसिद्ध झाले. तेथील स्फटिक अगदी लहान आहेत. वाघोलीत मात्र गडद निळ्या स्फटिकांचे टपोरे गोलक पांढऱ्या स्टिल्बाइटवर बसलेले निघाले, आणि जगातील नामांकित संग्रहालयांत आज या खनिजाचे प्रतिनिधित्व वाघोलीचेच नमुने करतात. पुण्याच्या वेशीवरच्या एका खडीच्या खाणीने खनिजशास्त्राला दिलेली ही देणगी आपल्याकडे अजून पुरेशी माहीत नाही, याची खंत वाटते.

अपवाद पेंटागोनाइटचा. त्याचे रासायनिक घटक कॅव्हान्साइटसारखेच, पण अणूंची मांडणी वेगळी. तेही वाघोलीत मिळते, मात्र फार विरळ. त्याचे स्फटिक अधिक सडपातळ, सुटे आणि टोकदार असतात. जुळे स्फटिक टोकाकडून पाहिल्यास पाच कोनांची चांदणी दिसू शकते. दाट, गोल गुच्छ असेल तर कॅव्हान्साइट मानावे, विरळ काटेरी गुच्छ असेल तर तपासून घ्यावे.

फिकट निळे केसाळ गोळे यांपैकी कोणतेही नव्हेत. त्यांच्याविषयी प्रश्न १६ मध्ये लिहिले आहे.

१०. आमच्याकडच्या काळ्या दगडात पांढऱ्या लांबट पाकळ्यांचे तारे आहेत, पण पोकळी कुठेच नाही. हे कोणते खनिज?

हा प्रश्न जुन्नर, मंचर आणि कसारा परिसरातून येतो आणि त्याचे उत्तर पूर्णपणे वेगळे आहे. हे फेल्डस्पार आहे. लाव्हा पृष्ठभागावर येण्यापूर्वी जमिनीखाली दीर्घकाळ साठून राहिला असता त्यात प्लॅजिओक्लेज फेल्डस्पारचे मोठे पट्टीसारखे स्फटिक वाढले, काही एकमेकांना चिकटून ताऱ्यासारखे झाले, आणि नंतर उरलेला लाव्हा त्यांच्याभोवती घट्ट झाला. सह्याद्रीत अशा खडकाचे काही ठळक थर असून भूशास्त्रज्ञ खडकांच्या थरांची जुळणी करताना त्यांचा खुणेसारखा उपयोग करतात. मंचर, कशेळे आणि थळ घाट या नावांनी ते ओळखले जातात.

ओळख सोपी आहे. पाकळी खडकात घट्ट रुतलेली असते, तिची कठिनता ६ असल्याने चाकूने ओरखडा पडत नाही, आणि ती सुटी काढता येत नाही. हा दगड कापून गुळगुळीत केला तर फार देखणा दिसतो, आणि माझ्या मते संग्राहकांनी आजवर त्याची उपेक्षाच केली आहे.

११. चीन किंवा जपानमधील शेवंतीच्या फुलाचा दगड आणि आपली स्फटिकफुले एकच का?

एकच नाहीत. चीनमधील हूनान प्रांतातील ल्यूयांग येथील प्रसिद्ध दगड हा काळसर चुनखडक आहे. त्यात सेलेस्टाइटचे स्फटिक किरणांसारखे वाढले आणि पुढे त्यांची जागा बऱ्याच अंशी कॅल्साइट व कॅल्सेडनी यांनी घेतली. कारागीर खडक कोरून पांढरे फूल उठावात आणतात. जपानमधील गिफू प्रांतात नेओदानी येथील फुलांचा खडक ज्वालामुखीय मूळ असलेला आहे, आणि त्या जागेला विशेष नैसर्गिक स्मारकाचा दर्जा असल्याने तेथून दगड काढता येत नाही.

याच प्रश्नाबरोबर आणखी तीन नावे येतात. हिमकण ऑब्सिडियन ही काळी ज्वालामुखीय काच असून त्यातील राखाडी ठिपके क्रिस्टोबलाइटचे असतात. वाळवंटी गुलाब म्हणजे वाळू पोटात घेऊन वाढलेल्या जिप्समच्या किंवा बॅराइटच्या पाकळ्या. आणि उत्तर प्रदेशातील बांदा येथे केन नदीत मिळणाऱ्या शजर दगडातील झाडाझुडपांची नक्षी ही धातूंच्या ऑक्साइडांची आहे. तशाच काळ्या फांद्या आपल्या बेसाल्टच्या भेगांतही दिसतात. त्या मँगनीजच्या असतात. अनेकांना ती नेचाची पाने वाटतात.

१२. हे दगड गोळा करणे कायदेशीर आहे का? कोठून गोळा करावेत?

बांधकामाचा दगड हे गौण खनिज असून त्याच्या उत्खननावर राज्य शासनाचे नियंत्रण असते. चालू खाणीत पट्टेधारकाची परवानगी घेतल्याशिवाय पाऊल ठेवू नये. विहिरीच्या किंवा पायाच्या खोदकामावर जमीनमालकाला विचारावे. बहुतेक वेळा डबराच्या ढिगातून निवडून घ्यायला कोणी नाही म्हणत नाही, आणि वडार समाजातील जुन्या कामगारांना कोणत्या बाजूच्या थरात फुले निघतात याची जी जाण असते ती कुठेही लिहून ठेवलेली नाही. त्यांना मान देऊन विचारावे आणि त्यांनी नमुना काढून दिला तर त्याचा योग्य मोबदला द्यावा.

वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ खालील अभयारण्ये व राष्ट्रीय उद्याने, तसेच १९५८ च्या कायद्याने संरक्षित असलेली लेणी, किल्ले व मंदिरे येथून एक खडाही उचलू नये. लेण्यांच्या भिंतींत स्फटिकांनी भरलेल्या पोकळ्या सर्रास दिसतात. त्यांना छिन्नी लावणे हा स्मारकाला केलेला अपाय आहे. घाटरस्त्याच्या कड्यावरील स्फटिकही तेथेच राहू द्यावेत. कडा सैल झाल्यास खालून जाणाऱ्याच्या जिवाला धोका होतो, शिवाय तो कातळ पुढच्या विद्यार्थ्यांनी पाहावा असा उघडा पाठ आहे.

खाणीचे तसे नाही. तेथे जे वेचले जात नाही ते त्याच दिवशी क्रशरमध्ये जाऊन खडी होते. म्हणून परवानगीने केलेला खाणीतील संग्रह हा खऱ्या अर्थाने बचाव आहे, असे मी आग्रहाने म्हणतो.

१३. खाणीत कोणती काळजी घ्यावी आणि नमुना कसा काढावा?

सुरुंग उडवण्याच्या वेळा आधी विचाराव्यात आणि त्या दिवशी काम करणाऱ्या मुकादमाला सांगूनच आत जावे. न उडालेल्या सुरुंगाचे छिद्र किंवा वायर दिसली तर तेथून मागे फिरून लगेच सांगावे. उभ्या कड्याखाली थांबू नये, विशेषतः पावसाळ्यात आणि त्यानंतरच्या महिन्यांत. डोक्यावर शिरस्त्राण, डोळ्यांवर चष्मा, पायांत जाड बूट हवेत. पाणी साचलेल्या बंद खाणींत उतरूच नये.

पोकळी दिसली की अधीर होऊन स्फटिकावर घाव घातला जातो आणि फूल जाते. घाव नेहमी खडकावर, स्फटिकांपासून चांगला हातभर दूर घालावा आणि आधाराचा दगड राखून तुकडा काढावा. दगड मोठा असेल तर तो तसाच आणून नंतर सावकाश छाटावा. स्फटिकांवर आधी मऊ टिश्यू कागद ठेवावा, मग वर्तमानपत्र गुंडाळावे. कापूस वापरू नये, तो सुयांत अडकतो. ओकेनाइट आणि बारीक मेसोलाइट कशातही न गुंडाळता, स्फटिकांना काहीही लागणार नाही अशा रीतीने खोक्याच्या तळाशी पक्के बसवून आणावे.

१४. नमुने कसे धुवावेत?

स्टिल्बाइट, ॲपोफिलाइट आणि ह्यूलँडाइट साध्या थंड पाण्यात, मऊ ब्रशने धुता येतात. माती घट्ट असेल तर रात्रभर भिजत ठेवावी. सुयांच्या गुच्छांवर ब्रश फिरवू नये. हलक्या धारेखाली धरावेत. ओकेनाइटला पाणी लावूच नये, कारण ओले तंतू एकमेकांना चिकटून बसतात.

हायड्रोक्लोरिक आम्ल, बाथरूमसाठी मिळणारी आम्लयुक्त द्रवे आणि लिंबाचा रस यांपासून हे सर्व नमुने दूर ठेवावेत. स्कोलेसाइटसारख्या झिओलाइट खनिजांचा तीव्र आम्लात विरघळून बुळबुळीत लगदा होतो, आणि ॲपोफिलाइटची चमक कायमची जाते. गरम पाणी, हेअर ड्रायर आणि ध्वनिलहरींनी स्वच्छ करणारी यंत्रे हीही वर्ज्य आहेत. लोखंडी तांबूस डाग राहिला तर तो राहू द्यावा. तो त्या दगडाच्या इतिहासाचा भाग आहे.

१५. कपाटात ठेवलेला एक नमुना काही महिन्यांत पांढरा पडून भुकटी झाला. असे का होते?

तो बहुधा लोमोंटाइट होता. हे खनिज कोरड्या हवेत स्वतःतील पाण्याचा अंश गमावते, अपारदर्शक होते आणि हात लागताच ढासळते. ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या त्याच्या शेजारी ठेवल्या तर ही क्रिया अधिकच वेगाने होते. म्हणून इतर वस्तूंसाठी चांगला असलेला हा उपाय येथे घातक ठरतो. लोमोंटाइट बंद डबीत, थोडा दमटपणा राखून ठेवावे. इतर झिओलाइट खोलीच्या तापमानाला टिकाऊ असतात, परंतु कपाटात तापणारे दिवे लावू नयेत. ॲमेथिस्ट सोबत असेल तर तो थेट उन्हापासूनही दूर ठेवावा, त्याचा जांभळा रंग फिका होतो.

१६. विकत घेताना फसवणूक कशी ओळखावी?

गुलाबी, निळे, जांभळे किंवा पोपटी केसाळ गोळे रंगवलेले ओकेनाइट असतात. नैसर्गिक ओकेनाइट पांढरे किंवा किंचित पिवळसर असते. भिंगातून तंतूंच्या बुडाशी आणि खडकाच्या भेगांत साचलेला रंग दिसतो.

दुसरा प्रकार चिकटवण्याचा. सुटा कॅव्हान्साइटचा गोलक स्टिल्बाइटवर डिंकाने बसवतात. गुच्छाच्या बुडाशी चकाकणारी कडा, अडकलेले बुडबुडे किंवा खडकाची चिकटवलेली भुकटी दिसते का, ते पाहावे. अतिनील प्रकाशात अनेक डिंक चमकतात. काही खनिजेही चमकतात, म्हणून चमक कोठे आहे ते पाहून निर्णय घ्यावा. तुटलेला स्फटिक जोडलेला असणे हा स्वतः दोष नव्हे. तो न सांगता विकणे हा दोष आहे.

किमतीविषयी विचारणा होते. आकारापेक्षा अखंड टोके, आधाराच्या दगडावरील नैसर्गिक बैठक, रंगांचा विरोध आणि ठिकाणाची पक्की माहिती यांना अधिक मोल असते. प्रत्यक्ष पाहून नजर तयार करायची असेल तर सिन्नर येथील ‘गारगोटी’ हे खनिज संग्रहालय आवर्जून पाहावे.

१७. नोंद ठेवणे खरोखर इतके आवश्यक आहे का?

या पानावरील एकच उत्तर लक्षात ठेवायचे असेल तर हे ठेवावे. खनिजाचे नाव चुकले तर ते कोणीही, कधीही तपासून दुरुस्त करू शकतो. ठिकाण हरवले तर ते जगातील कोणत्याही प्रयोगशाळेत परत मिळत नाही. खाण बुजते, विहिरीला कठडा बांधला जातो, त्यावर वस्ती उभी राहते, आणि मग त्या थरात काय होते याचा पुरावा म्हणून तुमच्या हातातील तुकडा व त्याची चिठ्ठी एवढेच उरते.

चिठ्ठीवर गाव, तालुका, जिल्हा, खाण की विहीर, शक्य असल्यास खोली, मिळाल्याची तारीख आणि कोणाकडून मिळाला हे लिहावे. दगडाच्या मागे पांढऱ्या रंगाचा लहान ठिपका देऊन त्यावर काळ्या शाईने अनुक्रमांक घालावा व तोच वहीत नोंदवावा, म्हणजे चिठ्ठ्यांची अदलाबदल झाली तरी गोंधळ होत नाही. जिल्ह्याचे नाव बदलले असेल तर जुनी चिठ्ठी फाडू किंवा खोडू नये. अहमदनगर लिहिलेल्या चिठ्ठीसोबत अहिल्यानगर लिहिलेली नवी चिठ्ठी जोडावी.

१८. परदेशात विकत घेतलेल्या नमुन्यावर फक्त ‘पूना’ लिहिले आहे. त्यावर विश्वास ठेवावा का?

अर्धाच. परदेशातील अनेक मराठी वाचक आपल्या गावाकडचा दगड तिथल्या प्रदर्शनात पाहून हा प्रश्न विचारतात. जुन्या व्यापारात पूना, नाशिक किंवा जळगाव ही नावे सबंध परिसरासाठी वापरली जात. नमुना मध्यस्थाच्या गोदामातून ज्या शहरात आला त्याचे नाव चिठ्ठीवर चढत असे. चिठ्ठी जपावी, पण स्वतःच्या नोंदीत ‘महाराष्ट्र, जुन्या चिठ्ठीनुसार पूना’ एवढेच लिहावे. नमुन्याच्या रूपावरून अंदाजाने खाणीचे नाव घालणे टाळावे.

१९. या खनिजांमुळे आरोग्याला धोका आहे का?

कपाटात ठेवलेल्या, न हाताळलेल्या नमुन्यापासून धोका नाही. धोका धुळीचा आहे. तंतुमय झिओलाइटांपैकी एरिओनाइट हे सिद्ध झालेले कर्करोगकारक आहे. तुर्कस्तानातील कॅपाडोशिया भागातील काही गावांत त्याच्या तंतूंमुळे फुप्फुसाच्या आवरणाचा कर्करोग मोठ्या प्रमाणावर आढळला. त्यामुळे ओळख न पटलेल्या लोकरीसारख्या तंतूंवर फुंकर मारू नये, ते घासू किंवा कापू नयेत, आणि हवाबंद पेटीत ठेवावेत. बेसाल्ट कापताना व घासताना पाणी वापरावे आणि धुळीसाठी योग्य मुखपट लावावा.

२०. देवघरात ठेवावेत का? पाण्यात ठेवून ते पाणी प्यावे का?

श्रद्धेने देवघरात ठेवणे हा ज्याचा त्याचा प्रश्न आहे, फक्त तेल, हळदकुंकू आणि अभिषेकाचे पाणी यांपासून नमुना दूर ठेवावा, डाग निघत नाहीत. दगड बुडवलेले पाणी मात्र कदापि पिऊ नये. या स्फटिकांमुळे आजार बरे होतात याला आधार नाही, आणि सुटणारे तंतू व व्हॅनेडियमसारखे घटक पोटात जाणे इष्ट नाही.

२१. एकाच तुकड्यावर तीन-चार खनिजे आहेत. नमुन्याला नाव कशाचे द्यावे?

जे खनिज नमुन्याचे वैशिष्ट्य आहे ते आधी आणि बाकीची त्यानंतर लिहावीत, उदाहरणार्थ ‘ॲपोफिलाइट, स्टिल्बाइटसह’. त्याहून मोलाची नोंद म्हणजे क्रम. कोण कोणावर बसले आहे ते भिंगाने पाहावे: भिंतीला लागून असलेला थर आधीचा, त्यावर वाढलेला नंतरचा. कधी कधी ज्यावर वाढ झाली ते खनिजच नाहीसे झालेले असते. मुंबईतील खाणींतून मिळालेल्या प्रेहनाइटच्या पोकळ बोटांसारख्या आकारांत हेच दिसते. आधी लोमोंटाइटचे लांबट स्फटिक होते, त्यांवर प्रेहनाइटचे हिरवट कवच चढले आणि आतले लोमोंटाइट पुढे निघून गेले. अशा नमुन्याच्या चिठ्ठीवर ‘प्रेहनाइट, लोमोंटाइटच्या आकारावर’ असे लिहावे, आणि बोटाच्या आत उरलेली पांढरी भुकटी दिसली तर ती साफ न करता तशीच ठेवावी.